बोलका फलक

बाबांनी डाव्या हाताने टॅब्लेट असा काही भिरकावला की तो भिंतीवर आपटून खाटेखाली गेला. बारकी गुडघ्यांवर बसली, हात लांबवून तिने तो ओढून काढला आणि आधी काच पाहिली. कोपऱ्यातून तडा गेला होता. पडदा मात्र चालू होता आणि त्यावरचे रंगीत चौकोन जागच्या जागी होते. पाणी, भूक, औषध, बरं वाटतंय, धन्यवाद, माफ करा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. या घरात ओरडण्याचं काम आजवर एकाच माणसाकडे होतं आणि तो आता खुर्चीत बसून तिच्याकडे डोळे वटारून बघत होता.

बाबा छापखान्यात पर्यवेक्षक होते. यंत्रांच्या धडधडीवर मात करील असा आवाज त्यांनी तिथे कमावला आणि घरात शिरताना तो दाराबाहेर ठेवायचा असतो हे त्यांना कधी सुचलं नाही. कामगार त्यांच्यामागे त्यांना भोंगा म्हणत. घरात कुणी काही म्हणत नसे. भाजीत मीठ कमी पडलं, दार जोरात लागलं, आई हाक मारल्याबरोबर आली नाही, कशानेही भोंगा वाजे. दादा त्यातच एकदा घर सोडून गेला तो गेलाच. आईने मात्र एवढ्या वर्षांत ब्र काढला नाही.

मग पक्षाघाताचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. ऐकलेलं सगळं कळत होतं, पण तोंडातून नुसता घोगरा सूर निघे. अक्षरं दिसत, पण त्यांचे शब्द होत नसत.

बारकी संगणकाचे पडदे आखायला शिकत होती. माणसाची नजर आधी कुठे जाते, बोट कुठे अडखळतं, गोंधळतो तेव्हा तो काय करतो, असला तो अभ्यास. चौकोन काढायला कसली आलीय पदवी, असं बाबांनी प्रवेश घेताना चार पाहुण्यांसमोर विचारलं होतं. आता शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती त्यांच्यासाठीच चौकोन काढत होती. चित्रावर बोट ठेवलं की यंत्र शब्द उच्चारणार, एवढी साधी गोष्ट. आणि बाबा तो फलक तिसऱ्यांदा फेकत होते.

फलक वापरतानाचं बाबांचं चित्रण तिने वर्गात प्रकल्पाच्या मॅडमना दाखवलं. मॅडमनी आवाज बंद करून ते पाहिलं, मागे नेऊन पुन्हा पाहिलं. बाबा पाण्याच्या चित्रावर बोट ठेवत होते, पाणी मिळत होतं. मग ते बोट एकेका चौकोनावरून फिरत शेवटापर्यंत जाई, परत वर येई आणि त्यानंतर टॅब्लेट उडे.

"ते काहीतरी शोधतायत," मॅडम म्हणाल्या. "यात 'नाही' असं कुठे म्हणायचं?"

बारकीने पडद्यावरचे चौकोन पुन्हा एकदा वाचले.

"धन्यवाद आहे. माफ करा आहे. घरी कधी म्हणायचे का ते हे शब्द?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. तुला हवे होते त्या वडिलांसाठी तू हा पडदा काढला आहेस, असं त्यांनी सांगितलं. आता घरी आहेत त्यांच्यासाठी काढून आण.

बारकी बाहेर येऊन व्हरांड्यात उभी राहिली. हातातला कागदी कप तिने चुरगाळला तेव्हा त्यात अजून चहा होता, हे तिला बाही भिजल्यावर कळलं. मॅडमचा राग आला होता, कारण त्यांनी चार वाक्यांत सगळं ओळखलं होतं. ज्या माणसाने आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, त्याला माफी मागायला एक मोठं, ठळक, निळं बटण तिने करून दिलं होतं. ते त्याने दाबावं म्हणून ती रोज त्याच्यासमोर बसत होती.

तिने नवा फलक आखला. माफ करा काढलं, धन्यवाद काढलं. उघडा तळहात काढून त्याखाली 'नको' लिहिलं. 'बंद करा' घातलं, 'उशीर का', 'दुखतंय' आणि बोलावणाऱ्या हाताच्या चित्राखाली 'इकडे ये' घातलं. हे शब्द तिला आठवावे लागले नाहीत.

आई ओट्याशी भांडी पुसत होती. बारकीने पडदा तिच्यासमोर धरला. आईने चौकोन एकेक करून वाचले आणि फडका झटकून वाळत टाकला.

आई बदलली होती. स्वयंपाक करताना ती गुणगुणू लागली होती. दुपारी दार लोटून शेजारी जाऊन बसे, चहाचा कप हातातून पडून फुटला तर आधी मागे वळून न बघता झाडू घेई. बाबांचं सगळं ती वेळच्या वेळी करत होती. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं, कशात उणं नव्हतं. फक्त घर शांत होतं, आणि ती शांतता तिला मानवली होती.

"त्यांचा आवाज मी काढून घेतला नाही," आई म्हणाली. "पण परत आणताना मला कुणी विचारलं का?"

बारकी म्हणाली, दुखलं-खुपलं तर त्यांना सांगता यायला नको का?

"त्यांचं दुखलेलं मला न सांगता कळतं. माझं काय दुखतं, ते त्यांना विचार एकदा."

एवढं बोलून ती भांडी फळीवर लावू लागली. प्रत्येक भांडं ती नेहमीपेक्षा जरा जोरात ठेवत होती.

फलक तयार झाला तरी एक अडचण उरली. यंत्रातला तयार आवाज 'नको' असा म्हणे, की जणू फलाटावर गाडीची वेळ सांगतोय. तो ऐकला की बाबा तोंड फिरवत. खऱ्या माणसाचा आवाज हवा होता. बारकीने दादाला फोन केला. बाबांच्या तरुणपणीसारखाच आवाज होता त्याचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, त्या आवाजाला घाबरून मी गाव सोडलं आणि आता तोच मी माझ्या गळ्यातून काढून देऊ? त्याने फोन ठेवला. दोष त्याचा नव्हता हे कळत असूनही बारकीने फोन गादीवर आपटला.

आई दारात उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"माझा घे," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी आतल्या खोलीत बसल्या. पंखा बंद केला, खिडकी लावून घेतली. आईने घसा साफ केला. पाणी, भूक, औषध हे शब्द तिने पाहुण्यांना नाव सांगावं तसे हळू, नीट म्हटले. 'दुखतंय' म्हणताना ती जरा थांबली, मग म्हणाली. 'इकडे ये' आल्यावर मात्र तिने टॅब्लेट मांडीवर पालथा घातला.

"हे मी म्हणणार नाही."

"आई, कुणाला बोलवायचं असलं तर?"

"बोलवू देत की. 'येतेस का' असं घाल."

बारकीने आईकडे पाहिलं. वर्गात शब्दांची निवड, सूचनेची भाषा यांवर मॅडमनी कितीतरी शिकवलं होतं. तिने चित्राखालचे शब्द पुसून नवे लिहिले.

शेवटी 'नको' राहिलं. आईने डोळे मिटले. श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला. बारकीला वाटलं ती हेही बदलायला सांगणार.

"नको."

ते ओरडणं नव्हतं. पण पडद्यावरची आवाजाची पट्टी वर चढून लाल झाली, आणि कानाला लावलेल्या हेडफोनमुळे बारकीचा कान दणाणला. आईच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. बाहेरच्या खोलीत बाबांची खुर्ची करकरली.

आवाज फुटलाय, पुन्हा घेऊ या, बारकी म्हणाली.

"पुन्हा नाही," आई म्हणाली. "हेच राहू दे."

ती उठली, खिडकी उघडली आणि तोंड धुवायला गेली.

त्याच दिवशी दुपारी बारकीने फलक बाबांसमोर ठेवला. आई समोरच जमिनीवर मटार सोलत बसली होती. बाबांनी पाण्यावर बोट ठेवलं आणि आईचा आवाज पाणी म्हणाला. त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड मिटलेलं होतं. बारकीने दिलेलं पाणी ते प्यायले आणि त्यांचं बोट पुन्हा चौकोनांवरून फिरू लागलं. ते उघड्या तळहातावर थांबलं.

"नको."

खोलीत कुणी काही देत नव्हतं, कुणी काही विचारलं नव्हतं. बाबांनी हात मागे घेतला. थोड्या वेळाने तेच बटण पुन्हा दाबलं. मान किंचित तिरपी करून ते ऐकत राहिले, छापखान्यात एखाद्या यंत्राचा अनोळखी आवाज आला की थबकत, तसे. तिसऱ्यांदा दाबायला गेलेलं बोट वरच्या वर राहिलं. बारकी टॅब्लेट झेलायच्या तयारीत पुढे सरकली होती. त्यांनी तो फेकला नाही. बरंच चाचपडून बोट बोलावणाऱ्या हातावर आणलं.

"येतेस का?"

स्वतःच्याच आवाजातला प्रश्न ऐकून आईने मान वर केली. बारकी उठायला लागली तशी आईने हातानेच तिला बस म्हटलं.

"येते," आई म्हणाली. "हातातलं होऊ दे."

हातातली शेंग तिने सोलली, दाणे भांड्यात टाकले, टरफल बाजूला केलं. बाबा तिच्याकडे बघत होते. त्यांच्या घशातून तो घोगरा सूर निघाला आणि मध्येच थांबला.

आईने परडीतून शेंगांची आणखी एक मूठ घेतली.