सटवाईसाठी आणलेली वही

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. माझ्या पाठीवरचे लाल खारव्याचे कापड आता विटून विटकरी झाले आहे, कडा वाळवीने थोड्या खाल्ल्या आहेत, पण माझी चाळीसही पाने शाबूत आहेत. तुम्ही माझ्यात अक्षर शोधाल तर एकही सापडणार नाही. मला जिने भरले तिला लिहिता येत नव्हते.

माझा जन्म चिंध्यांचा आणि जुन्या गोणपाटाचा. ते कुजवून, कुटून लगदा केला, लगद्याचे कागद केले आणि एका कारागिराने प्रत्येक कागद गुळगुळीत दगडाने घोटला. मग कोणी तरी मला सुताने शिवले, आणि फिरत फिरत मी जवळा बाजारच्या आठवडी बाजारात किसनसिंग दुकानदाराच्या पालात येऊन पडले. हे निजामाच्या राज्यातले, १९३८ सालचे सांगते आहे.

एके दिवशी खांद्यावर घोंगडी टाकलेला एक मेंढपाळ पालापुढे उभा राहिला. त्याचे नाव नामाजी. पूर्णा नदीच्या काठच्या एका लहानशा गावात त्याचा मेंढ्यांचा वाडा होता.

"एक कोरा कागद द्या," तो म्हणाला. "घरी लेकरू झालंय. उद्या पाचवी हाय."

"सुटा कागद न्हाई राहिला. वही घ्या, नामाजी."

नामाजीने मला हातात तोलून पाहिले. "आणा. एका कागदात किती मावंल? सटवाईला जरा ऐसपैस लिहू द्या."

तुम्हाला हे ठाऊक नसेल, म्हणून सांगते. मूल जन्मले की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि त्याचे नशीब लिहून जाते, असे लोक मानत. म्हणून संध्याकाळी पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची आणि तिच्यासाठी कोरा कागद, बोरू आणि दौत ठेवायची.

मला पाहून गावची सुईण पारुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नामाजी, सटवाईला काय पोथी लिहाया बसवून राहिला?"

सगळे हसले. नामाजीची नऊ वर्षांची लेक मनकर्णा मात्र हसली नाही. तिने विचारले, "बा, माझ्या पाचवीला काय ठिवलं व्हतं?"

"तुझ्या येळंला कागद मिळालाच न्हाई बग. पळसाचं पान ठिवलं व्हतं." नामाजी हे सहज, हसत बोलला. त्याच्या मनात काही नव्हते. पण बोलणाऱ्याच्या मनात नसले तरी ऐकणाऱ्याच्या मनात जाऊन बसते, असे पुष्कळदा होते.

पूजा झाली. सकाळी मी कोरीच्या कोरी होते. सटवाईचे अक्षर माणसाला दिसत नसते, असे पारुबाईने सांगितले आणि मला कोनाड्यात ठेवत बजावले, "हिला आता कुणी रेघ मारू नका."

दोन दिवस गेले. मनकर्णेला आईजवळ जायची मनाई होती. बाळंतिणीला बारा दिवस शिवायचे नसते ना. सिंधूबाई, म्हणजे तिची आई, आतल्या खोलीत आणि ही बाहेर. आतून बाळाचे रडणे ऐकू येई, आईचे "आले, माझ्या लेकरा" ऐकू येई, आणि आजवर ते शब्द मनकर्णेसाठी होते.

सातव्या दिवशी दुपारी तिने मला कोनाड्यातून काढले आणि मेंढ्यांच्या वाड्यामागे नेले. आधी तिने माझी पाने उलटून पाहिली. भावाच्या नशिबात काय आहे ते तिला पाहायचे होते. काहीच दिसेना, तेव्हा ती चुलीतला विझका कोळसा घेऊन आली.

तिने एक मेंढी काढली. मेंढीच्या पोटाखाली दूध पिणारे एक कोकरू काढले. मग काटक्यांच्या कुंपणाचा कुड काढला, आणि कुडाच्या बाहेर दुसरे कोकरू. तुम्ही मेंढ्यांत वाढला असाल तर ओळखाल. दूध तोडायचे असले की थोराड कोकरू असेच कुडाबाहेर ठेवतात आणि ते दिवसभर ओरडते. मनकर्णेने ते शेकडो वेळा ऐकले होते.

मग तिचा हात पुन्हा आतल्या कोकराकडे गेला. कोळसा जोराने फिरू लागला. तिने त्या कोकराला इतके गिरवले, इतके गिरवले, की माझे पान खालून फुगले आणि तिथे नुसता काळा डाग उरला. मला दुखले, पण तिचा श्वास मोकळा झाल्याचेही मला जाणवले.

दुसऱ्या दिवशी बाळ दूध पिईना. अंग तापाने कढत झाले. रडणेही बारीक झाले.

मित्रांनो, नऊ वर्षांच्या मुलीला काय वाटले असेल? नशीब लिहायच्या वहीत आपण भावाला काळे करून टाकले, म्हणूनच तो चालला, अशी तिची खात्री झाली. तिने ओल्या बोटाने डाग पुसला, तर तो आणखी पसरला. तिने भाकरी खाल्ली नाही. शेवटी मला परकराच्या ओच्यात लपवून ती पूर्णेकडे निघाली. मला बुडवले की लिहिलेलेही बुडेल, असा तिचा हिशेब होता. मला मरणाची भीती वाटली हे खरे, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. मी गेले असते तर ते ओझे तिच्या एकटीच्या डोक्यावर जन्मभर राहिले असते.

अंगणातून जाताना आतून बाळाचा कण्हल्यासारखा आवाज आला. ती थांबली. मग वळली, बाळंतिणीच्या खोलीशी आली आणि उंबऱ्यावरून मला आत सरकवून दिले.

"माय, सटवाईनं न्हाई लिवलं. म्या लिवलं."

सिंधूबाईने बाळ मांडीवर घेतले होते. तिने एका हाताने मला उचलले आणि ते पान बराच वेळ पाहिले.

"हे कोन?"

"तू."

"मेंढी केलीस व्हय मला? अन् हे काळं?"

मनकर्णेची नजर बाळाकडे गेली.

"बरं. हे कुडाच्या भायेर कोन हाय?"

आता मात्र मनकर्णा हुंदके देऊ लागली. सिंधूबाईने हात लांब करून तिचे मनगट धरले आणि तिला उंबऱ्याच्या आत, थेट आपल्या कुशीत ओढले.

पारुबाई पाणी तापवत होती. ती तिथूनच म्हणाली, "सिंधू, काहून शिवून राहिलीस लेकीला? इटाळ हाय ना."

"लागू द्या. आंघोळ घालीन मी. आधी हिचं ऐका."

पारुबाईने सगळे ऐकून घेतले. मला वाटले, आता ती कडकडणार. पण तिने मनकर्णेची हनुवटी वर केली आणि विचारले, "पाचवी कवा झाली?"

"परवाच्या आदल्या दिशी."

"अन् तू कोळसा कवा घेतलास?"

"काल."

"मग? सटवाई आली, लिहून गेली, दुसऱ्या गावाला बी पोचली. तू मागून येऊन काय पुसनार तिचं?" मग तिने बाळ उजेडाकडे नेले आणि बोटाने त्याचे तोंड उघडले. "हे बग. जिभंवर पांढरं आलंय. तोंड दुखतंय, म्हनून ओढंना. तुझ्या कोळशाचा काय संबंध न्हाई."

तिने मऊ ओल्या फडक्याने बाळाचे तोंड हलक्या हाताने साफ केले आणि आईचे दूध काढून बोंडल्याने, म्हणजे चोचीच्या वाटीने, थोडे थोडे पाजत राहिली. तीन दिवसांनी बाळ पुन्हा जोराने रडू लागले. त्या रडण्याने घरात इतका आनंद झालेला मी प्रथमच पाहिला. बारशाला त्याचे नाव संपत ठेवले.

सिंधूबाईने मला परत कोनाड्यात ठेवले नाही. मनकर्णेच्या हातात दिले.

"ही सटवाईची हाय ना?" मनकर्णा म्हणाली.

"तिला एक पान पुरतं. बाकीची तुझी. राग आला, रडू आलं, तर हिच्यात काढ. मला दाखवावं वाटलं तर दाखव. न्हाई वाटलं तर नको."

तेव्हापासून मी कामाला लागले. कोळसा होता, मेंढ्यांना खूण करायची तांबडी काव होती, कधी हळद होती. मनकर्णा रोज काढत नसे. मनात काही अडकले की येई. गंमत अशी, की काय अडकले ते तिला आधी ठाऊक नसे. तिची मैत्रीण भिकाबाई लग्न होऊन गेली तेव्हा ती सगळ्यांना सांगत होती, "मला काय त्याचं." मग तिने विहीर काढली, विहिरीच्या काठावर एकच घागर काढली, आणि त्या घागरीकडे पाहता पाहता तिचे डोळे भरून आले. हाताला आधी कळले होते, मनाला मागून कळले.

तिच्या स्वतःच्या लग्नाआधी तिने सासरचे घर काढले. त्याला दारच नव्हते. पहिल्या नागपंचमीला ती माहेरी आली, तेव्हा तिने ते पान उघडले, थोडी हसली आणि कावेने त्याला एक दार काढले.

मग १९४८ साल आले. निजामाचे राज्य संपत आले होते आणि आमच्या मुलखात मोठी लुटालूट, जाळपोळ माजली. गावोगावची माणसे घरे सोडून रानात लपत होती. मनकर्णा तेव्हा माहेरी होती. नामाजीचे सारे कुटुंब मेंढ्यांसह एका नाल्याच्या घळीत जाऊन राहिले. दहा वर्षांचा संपत दोन दिवस एक शब्द बोलला नव्हता. वाटेवर त्याने लुटीला निघालेले घोडेस्वार पाहिले होते.

मनकर्णेने मला त्याच्या मांडीवर ठेवले आणि कोळशाचा तुकडा दिला. तो माझी पाने उलटू लागला आणि त्या काळ्या डागापाशी थांबला.

"अक्का, हे काय हाय?"

मला धाकधूक झाली. ती टाळू शकली असती. पण ती म्हणाली, "तू हाईस."

"मी?"

"लहान व्हतास. लई राग आला व्हता मला तुझा."

संपतने डागावरून बोट फिरवले. "अन् आता?"

"आता माझी अर्धी भाकर कुनी खाल्ली सकाळी?"

तो हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा. "पण लई काळा केलास की, अक्का," म्हणाला आणि कोळसा घेऊन बसला. त्याने वाट काढली, वाटेवर एक घोडेस्वार काढला, मुंगीएवढा. आणि त्याच्या भोवती मेंढ्या काढल्या, एकेक हत्तीएवढी. त्या संध्याकाळी तो जेवला आणि काय पाहिले ते सगळे बहिणीला सांगू लागला.

मित्रांनो, आज मी एका पेटीत तळाशी आहे. मला त्याचे दुःख नाही. मी भरून गेले आहे, आणि भरलेल्या वहीला विसावा हवाच. मात्र तुमच्यासाठी कुठे तरी एक कोरी वही वाट पाहत असेल. तिच्यात सुंदरच काढायला हवे असे नाही. डाग काढा, वाकडी घरे काढा. उघडून दाखवायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा.

आणि मोठ्यांना माझी विनवणी आहे. लेकराची वही त्याला न विचारता उघडू नका. पण कधी एखादे लेकरू आपण होऊन ती तुमच्यापुढे सरकवील, तेव्हा चित्र छान आहे की वाईट हे सांगायची घाई करू नका. हातातले काम खाली ठेवा, त्याच्या शेजारी बसा आणि हळूच विचारा, "हे कोण?"