बाबांच्या पलंगासमोरचा पडदा

मी बोलतोय, तिच्या मागून. तुम्ही मला नक्की पाहिलं असेल, पण लक्ष दिलं नसेल. ऑनलाइन तासाला ती स्क्रीनवर यायची तेव्हा तिच्या खांद्यांमागे एक निळसर, जरा विटलेलं कापड दिसायचं ना, तो मी. पडदा. पुढच्या बाजूने मला तिची पाठ आणि त्यापलीकडची स्क्रीन दिसते. मागच्या बाजूने कोण दिसतं, ते सांगायलाच आज तोंड उघडलंय.

माझा जन्म तसा खानदानी. एका मोठ्या हॉटेलच्या पडद्यांची शिलाई करून उरलेलं जाड सुती कापड म्हणजे मी. बाबा शिंपी होते. हॉटेलवाल्याने उरलेलं कापड परत मागितलं नाही, म्हणून ते खुशीत मला घरी घेऊन आले. त्यांची एक सवय होती. गिऱ्हाइकाने माप सांगितलं तरी त्यावर ते विसंबत नसत. फीत गळ्यात घालून स्वतः जाऊन माप घेत. स्वतःच्या घरची खिडकीसुद्धा त्यांनी स्टुलावर चढून मोजली. चुण्या सारख्या, खालची दुमड दुहेरी, टाके असे की उसवायला बसलात तर तुमचाच घाम निघावा. मला त्याचा गर्व होता आणि अजूनही आहे.

खिडकीवरचे ते दिवस सुखाचे होते. ऊन खाल्लं, वारा प्यायलो, रस्त्यावरची भांडणं फुकटात ऐकली. घरातली पोर, म्हणजे हीच, लपाछपीत माझ्यामागे लपायची. पाय खालून दिसत, तरी बाबा मुद्दाम सगळं घर शोधायचे. ते तिला ठमाबाई म्हणत. ठमाबाई माझ्या टोकाला तोंडही पुसायची. आईने पाहिलं की दोघांनाही ओरडा बसायचा, तिला आणि विनाकारण मलाही.

पुढे आई गेली. मग एका सकाळी दुकानात कापड बेतता बेतता बाबांची उजवी बाजू लुळी पडली. जीभ जड झाली. कात्री धरणारा हात त्यांच्या मांडीवर निपचित पडून राहू लागला. दुकान विकलं, घर बदललं. नवीन घर म्हणजे एक खोली आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. तिथल्या खिडकीला मी मोठा पडत होतो, म्हणून गाठोड्यात बांधून कपाटावर गेलो. तिथे मी किती काळ होतो कोण जाणे, अंधारात मला दिवसांचा हिशेब राहत नाही.

मला खाली काढलं ते शिक्षणासाठी. हसू नका, खरंच. ठमाबाईने ऑफिसातली नोकरी सोडून बाबांचं करायला सुरुवात केली होती. घरबसल्या टायपिंगची कामं करायची, पण त्यात भागत नव्हतं. गावोगावच्या पाणी आणि स्वच्छतेच्या योजना आखणारी एक संस्था होती. तिथे घरून करायचं कायमचं काम मिळणार होतं, पण अट पदवीची. म्हणून तिने लांबच्या एका विद्यापीठात शाश्वत विकास आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयांच्या पदवीला ऑनलाइन प्रवेश घेतला. पदवी मिळाली तर दोघं एकत्र राहणार. नाही मिळाली तर तिने परगावी नोकरी धरायची आणि बाबांना शुश्रूषा केंद्रात ठेवायचं. हे ती शेजारच्या काकूंना हळू आवाजात सांगत होती. बाबांना ऐकू जात नाही असा तिचा समज होता. माणसं आजारी माणसाच्या कानांबद्दल फार गैरसमज करून घेतात.

पहिल्या तासाला तिच्यामागे पलंग दिसला, औषधांच्या बाटल्या दिसल्या आणि तोंड वासून झोपलेले बाबा दिसले. वर्गातल्या कोणीतरी काळजीने विचारलं, "तुमच्या मागे कोणीतरी आहे, ते ठीक आहेत ना?" तिचे कान लाल झाले. तास संपल्याबरोबर तिने कपाटावरून मला ओढून काढलं, पलंगाच्या समोर एक दोरी ताणली आणि कड्यांनी मला तिच्यावर टांगलं. "बाबांना उजेडाचा त्रास होतो," असं ती काकूंना म्हणाली. बाबांनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या समोर मी होतो. त्यांनी डावा हात उचलून माझी दुमड चाचपली, आपलेच टाके ओळखले आणि हात परत पांघरुणावर ठेवला.

मग दोन वर्षं आमची शाळा भरली. पुढे ती, मध्ये मी, मागे बाबा.

मी किती शिकलो म्हणून सांगू! जंगलं, नद्या, कचरा, मदतीचा पैसा, शहरांची वाढ. एका तासाला कळलं की कापूस पिकवायला भरमसाट पाणी लागतं. जन्मण्याआधीच मी एवढं पाणी पिऊन बसलो होतो! मला चोरट्यासारखं झालं. ठमाबाईने माझं उदाहरण देऊन सांगितलं की एक कापड अनेक वर्षं वापरलं तर तो खर्च वसूल होतो. तेव्हा कुठे जीवात जीव आला.

वर्गातली माणसंही मजेदार. कमरेच्या वर इस्त्रीचा शर्ट, खाली काय असायचं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कोणीतरी मोठ्या पोटतिडकीने बोलायचं आणि सगळे ओरडायचे, "आवाज बंद आहे तुमचा!" एक प्राध्यापक असे होते की दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊच देत नसत. बाबांनी त्यांचं नाव घाईवाले सर ठेवलं होतं.

कारण बाबा सगळं ऐकत होते. खोकला आला की उशी तोंडावर दाबून धरत. तहान लागली तर तास संपायची वाट बघत. त्यांचा रोखलेला श्वास माझ्या अंगावर येई आणि मी जरासा हले. ती समजायची वारा आहे. तास संपून मी बाजूला सरलो की अडखळत, एकेक शब्द जुळवत त्यांचा प्रश्न ठरलेला.

"मग... चुलींचं... काय झालं?"

घाईवाल्या सरांनी चुलींची गोष्ट अर्धीच सोडली होती. कुठल्याशा भागात घरोघर बिनधुराच्या नव्या चुली वाटल्या होत्या. ठमाबाईने वाचून पुढचं शोधलं. "लोकांची पातेली त्या चुलीवर बसतच नव्हती, बाबा. काहींनी त्यात बटाटे भरून ठेवले."

बाबा अर्ध्या तोंडाने खदखदून हसले. "माप... न घेता... शिवलं." तीही हसली. मी तर हसून हसून कड्यांवरून निसटायचा बाकी होतो.

पण एक गोष्ट मला खटकायची. बाबा तिला चुलींबद्दल विचारत, नद्यांबद्दल विचारत. माझ्याबद्दल एक अक्षर काढत नसत. तीही काढत नसे. तास नसला तरी ती मला कित्येकदा बाजूला सारायला विसरून जायची, आणि बाबा संध्याकाळपर्यंत माझ्या चुण्यांकडे बघत पडून राहायचे. मला त्यांच्याकडे पाहवत नसे. आपणच जन्माला घातलेल्याने आपली वाट अडवावी, हे बरं वाटतं का? पण माझ्या हातात काय होतं! कोणी ओढेल तसं सरकायचं, एवढंच मला येतं.

शेवटी तोंडी परीक्षा आली. परीक्षेचा नियम असा की खोलीत परीक्षा देणाऱ्याशिवाय कोणी नको. सुरुवातीला कॅमेरा फिरवून सगळी खोली दाखवायची. विद्यापीठाला आधी कळवलं असतं तर काही सोय झालीही असती. ती लिहायला बसायची, दोन ओळी लिहायची आणि खोडायची. दोन वर्षं ज्यांच्याविषयी अवाक्षर काढलं नाही, त्यांच्याविषयी आता सुरुवात कुठून करायची ते तिला सुचत नव्हतं.

स्वयंपाकघरात बाबांना बसवायला जागा नव्हती, म्हणून आदल्या दिवशी त्यांना काकूंकडे न्यायचा प्रयोग झाला. चाकाची खुर्ची काकूंच्या दारात अडकली, पुढे जाईना की मागे येईना. काकू म्हणाल्या, "दार तरी तोडू का?" आणि रडवेल्या झाल्या.

बाबा म्हणाले, "जिन्यात... ठेव मला. छत्रीसारखा."

"गप्प बसा हो बाबा."

"तेच तर... करणार. गप्प... बसतो. पडद्यामागे."

परीक्षेच्या सकाळी त्यांनी बटणांचा शर्ट मागितला. कोणी बघणार नव्हतं, तरी तिने घातला. उशीला टेकवून बसवलं आणि मला ओढलं.

पर्यवेक्षक बाई स्क्रीनवर आल्या. आवाज शांत होता. "खोली दाखवा." तिने लॅपटॉप उचलला. भिंत, कपाट, खिडकी, स्वयंपाकघराचं दार. मग मी.

"पडद्यामागे काय आहे?"

"पलंग," ती म्हणाली. खोटं नव्हतं ते.

"पडदा बाजूला करा, प्लीज."

तिचा हात माझ्यावर आला. इतका गार हात मी तिच्या लहानपणापासून कधी अनुभवला नव्हता. मला वाटलं, आता ही लॅपटॉपच बंद करते. पण तिने मला एका झटक्यात भिंतीपर्यंत सारलं. बाबा दिसले. शर्टाची बटणं लावलेली, केस विंचरलेले. त्यांनी डावा हात वर करून बाईंना नमस्कार केला.

"हे माझे बाबा," ती म्हणाली. "ते आपण होऊन उठू शकत नाहीत. नियम मला माहीत आहे. परीक्षा रद्द करायची तर करा. पण मी त्यांना जिन्यात ठेवणार नाही."

बाईंनी कोणाला तरी विचारलं. मग परीक्षक म्हणून कोण यावं? घाईवाले सर! दोघांचं बोलणं झालं आणि बाई म्हणाल्या, "परीक्षा होईल. निकालाचं समिती ठरवेल. मात्र पडदा उघडा ठेवा आणि दोघंही कॅमेऱ्यात दिसत राहा. त्यांनी काही सांगायचं नाही."

बाबांनी लगेच डावा तळवा तोंडावर घट्ट दाबला. पर्यवेक्षक बाईंनाही हसू आवरलं नाही.

प्रश्न सुरू झाले. तिने उत्तरं चांगली दिली. मग सर चुलींवर आले. "योजना चांगल्या मनाने केलेली होती. चुकलं कुठे?"

"ज्यांच्यासाठी होती त्यांना कोणी विचारलंच नाही."

"विचारलं असतं, तर ते नको म्हणाले असते?"

ती बोलायला गेली आणि थांबली. स्क्रीनच्या कोपऱ्यात ती स्वतः दिसत होती, तिच्यामागे तोंडावर हात धरलेले बाबा, आणि कडेला गोळा होऊन मी. ती बघतच राहिली. बाबांना वाटलं, पोर उत्तर विसरली. त्यांना ते येत होतं! सगळे तास त्यांनी ऐकले होते. त्यांचे डोळे भरून आले, पण हात तोंडावरून हलला नाही. खरी परीक्षा कोणाची चालली आहे तेच मला कळेना. मला मात्र माहीत होतं की ती विसरलेली नाही. मी तिची पाठ ओळखतो. ती पाठ रडायच्या बेतात होती.

आणि घाईवाले सर थांबले. इतका वेळ मी त्यांना कधीच थांबलेलं पाहिलं नव्हतं.

"कदाचित हो म्हणाले असते," ती शेवटी म्हणाली. "पण मग ती चूल त्यांची झाली असती."

सरांनी खाली बघून काहीतरी लिहिलं.

स्क्रीन बंद झाली तशी बाबांनी हात खाली टाकला आणि पोटभर खोकून घेतलं. ती पाणी घेऊन आली, पलंगाच्या कडेला बसली.

"बाबा, हा पडदा लावताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"नाही."

"तुम्ही का नाही बोललात?"

बाबांनी बराच वेळ शब्द गोळा केले. "विचारलं असतंस... तर हो म्हणालो असतो, ठमे." मग पाणी प्यायले. "पण... विचारायचं होतंस."

तिने त्यांच्या शर्टात डोकं खुपसलं. लहानपणी माझ्या टोकाला तोंड पुसायची, तसंच. मीही फार हेलावलो, खोटं कशाला सांगू.

"आता विचारते," ती नाक पुसत म्हणाली. "ठेवू की काढून टाकू?"

माझं तर काळीजच थांबलं. बाबांनी मला नजरेने वरून खालपर्यंत मोजलं, शिंपी मोजतो तसं.

"ठेव. कापड... चांगलं आहे. पण ओढायची दोरी... माझ्या हाताशी दे."

समितीने निकाल थोडे दिवस अडवला, मग पास म्हणून कळवलं. संस्थेतलं घरून करायचं काम तिला मिळालं. शुश्रूषा केंद्राचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

माझ्या कड्यांना आता दोन बारीक दोऱ्या आहेत. एक ओढली की मी उघडतो, दुसरी ओढली की मिटतो. दोन्हींची टोकं बाबांच्या डाव्या हाताशी, पलंगाच्या दांडीला बांधलेली. कुठे शिवायचं, कसं शिवायचं ते बाबांनी सांगितलं आणि तिने शिवलं. टाके वेडेवाकडे आहेत. मी ते खपवून घेतो.

कालचीच गोष्ट. तिच्या साहेबांचं मीटिंगमध्ये लांबलचक भाषण चाललं होतं. एकाएकी माझी दोरी ओढली गेली आणि मी सरसर करत मिटलो. साहेब दचकले. "काय झालं?"

"काही नाही," ती हसू दाबत म्हणाली. "बाबांना कंटाळा आला."

थोड्या वेळाने त्यांनी मला परत उघडलंही, साहेबांचं संपलं का ते बघायला.

माझं आता वय झालंय. रंग गेला, खालची दुमड झिजली, एखाद्या धुण्यात मी फाटेनही. त्याचं मला काही वाटत नाही. माझे भाऊबंद तुमच्याकडेही असतील. कुठे पडदा असेल, कुठे आतल्या खोलीचं ओढून घेतलेलं दार. त्यांना काढून टाका असं मी म्हणत नाही. पलीकडच्या माणसाला कधीकधी आडोसा हवासा वाटतो. फक्त पलीकडे जा, त्या माणसाजवळ बसा, आणि दोरी त्याच्या हाताला पोहोचते का तेवढं बघून या.