असांगीतिक बोलणे

‘सदर ध्वनिमुद्रणातून संगीताचा एकही क्षण वगळण्यात आलेला नाही. केवळ असांगीतिक बोलणे व अनाहूत आवाज दूर करून ते अधिक श्रवणीय करण्यात आले आहे. मूळ फीत सुरक्षितपणे निकाली काढण्यात आली आहे.’

आपल्या तक्रारीवर आलेले ग्रंथालयाचे पत्र वाचून बाईंनी चष्मा पुसला आणि पत्र पुन्हा वाचले. एकतीस वर्षे छापखान्यात मुद्रिते तपासलेल्या डोळ्यांना त्यात एकही चूक सापडली नाही. खोटी वाक्ये बहुधा शुद्ध असतात, हा त्यांचा जुना अनुभव होता. खरे लिहिणाऱ्याची कुठेतरी वेलांटी चुकते.

सवयीने त्यांनी पेन्सिल उचलली. ‘एकही क्षण’: जुनी फीत चौऱ्याहत्तर मिनिटे चालत असे, नवी प्रत एकसष्ट मिनिटांत आटोपते. ‘अनाहूत आवाज’: फिडल वाजवणारा माणूस बसल्या जागी दोन्ही पायांनी लाकडी फळीवर ताल धरीत असे. दुसरे तालवाद्य त्याच्यापाशी नव्हते. आमंत्रण त्याला होते, त्याच्या पायांना नव्हते, असे आता कळले. ‘सुरक्षितपणे निकाली’: यात सुरक्षित कोण राहिले, हे त्या कर्ता नसलेल्या वाक्याने मोठ्या शिताफीने लपवले होते. उरले ‘असांगीतिक बोलणे’. त्याच्याखाली रेघ ओढताना पेन्सिलीचे टोक मोडले.

फितीवरचा कार्यक्रम केल्टिक लोकसंगीताचा होता. तीस वर्षांपूर्वी दूरच्या एका बेटावरून गायिका आणि तिचा फिडलवादक भाऊ गावोगाव हिंडत आले, आणि ग्रंथालयाच्या सभागृहात एका संध्याकाळी गायले. लिफ्टची घरघर फितीवर उतरू नये म्हणून लिफ्ट बंद ठेवायची होती. त्या कामावर मिस्त्री, म्हणजे बाईंचे यजमान, नेमलेले होते. बंद लिफ्टची राखण ती काय करायची? ते शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

घरी आले ते बूट न काढताच बोलू लागले.

“अगं, काय वाजवतो तो! आपलं व्हायोलिनच, पण नवी मोटर पहिल्या फेरीला पळते ना, तसा गज पळतो. आणि ती बाई! गाते, गाते, अन् शेवटची ओळ गातच नाही. नुसती बोलते.”

“विसरली असेल.”

“विसरतेय कसली! प्रत्येक गाण्याला तसंच. हातातली जड पिशवी खाली ठेवावी ना, तशी ठेवते ओळ.”

ती तिकडच्या जुन्या गायकांची रीत होती. शेवटचे शब्द सूर सोडून साध्या आवाजात सांगायचे. गाणे संपले, आता तुम्ही आम्ही पुन्हा माणसे, एवढे त्यातून कळावे. मिस्त्रींना हे कोणी सांगितले नव्हते. मोटरला कान लावून तिचे दुखणे ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याला ते सांगावे लागत नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. हात सुधारला, पाय सुधारला, वाचा गेली ती गेलीच. कळत सगळे होते. तोंडातून मात्र ब्र निघेना. उपचार करणारी म्हणाली, “गाणी ऐकवा त्यांना. बोलण्याचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा कधीकधी उघडा असतो.” घरात गाणी होती, ती सगळी ऐकवून झाली. मग बाईंना ती फीत आठवली. तिची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

दर बुधवारी दुपारी ते दोघे श्रवणकक्षात जाऊ लागले. एक यंत्र, दोन हेडफोन. मिस्त्री तळहात टेबलावर पालथा ठेवायचे. फिडलवाल्याचे पाय त्यांच्या बोटांत चालायचे. जलद गत सुरू झाली की ते बाईंकडे असे बघायचे, जणू वाजवणारा त्यांच्याच हाताखाली शिकला होता. गायिका एकटी गायची तेव्हा डोळे मिटायचे. तिसऱ्या बुधवारी अखेरच्या गाण्याची शेवटची ओळ तिने बोलून दाखवली, आणि तिच्यामागोमाग मिस्त्रींनी ती म्हटली. परकी भाषा, पाच शब्द, स्वच्छ.

काउंटरवरची उठून आली. “काकू, काका बोलले?”

“बोलले.”

“काय म्हणाले?”

“मला काय कळतंय!” म्हणत बाई रडल्या आणि हसल्या. मग दोघींनी फितीबरोबरच्या माहितीपत्रकात अर्थ शोधला: बाकीचं तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यानंतर दीड वर्ष मिस्त्रींपाशी एवढे एकच वाक्य होते. चहा गार झाला तरी तेच, डास चावला तरी तेच, बाईंनी औषध पुढे केले की कपाळाला आठ्या घालून तेच. बाई म्हणायच्या, “हो, ठाऊक आहे, गिळा आता.” वाक्य रविवारपर्यंत टिकायचे, सोमवारी पुसट व्हायचे, मंगळवारी मिस्त्री नुसतेच ओठ हलवायचे. बुधवारी ते नव्याने भरून आणावे लागे.

मग फीत सुधारण्यात आली.

“काकू, ऐका आता, कसं लख्ख झालंय!” काउंटरवरची कौतुकाने म्हणाली. खरोखरच लख्ख होते. अखेरचे गाणे आले. मिस्त्री पुढे सरकले, श्वास घेतला, तोंड उघडले, आणि त्या उघड्या तोंडावर टाळ्याही नसलेली शांतता आदळली. त्यांनी हेडफोन काढून आतून पाहिला. तार चाचपली. टेबलाला कान लावला. बिघाड आपल्याला सापडेलच, अशा सवयीच्या धीराने त्यांनी ते गाणे तीनदा लावायला लावले.

घरी बाईंनी ती ओळ स्वतः म्हणून पाहिली. त्यांना पाठच होती. मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघत राहिले आणि मग हळूच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. फीत सुधारल्यानंतरच्या पाचव्या बुधवारी त्यांनी बूट घालायला पाय पुढे केला नाही.

पत्राचे उत्तर पत्राने न देता बाई ध्वनिविभागाच्या प्रमुखांकडे गेल्या. गृहस्थ सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी मागवले, खेद वाटून घेतला.

“काकू, मूळ फीत खरंच राहिली नाही हो. नियमच आहे तसा. पण गाणं तर सगळं आहे ना त्यात?”

“शेवटची ओळ नाही.”

“ते बोलणं होतं.”

“ते गाणं होतं. बोलून म्हटलेलं.”

“आता असं कसं ठरवायचं? आणि आमचं काम म्हणजे काही उरकाउरकी नाही. एकूण एक फीत मी स्वतः डोळ्यांखालून घातलीय.”

हा वाक्प्रचार बाईंनी जन्मभर ऐकला होता, आणि जन्मभर त्याकडे कानाडोळा केला होता. आज केला नाही.

“डोळ्यांखालून आम्ही कागद घालायचो, साहेब. फीत कशी घालतात?”

“म्हणजे तपासली हो.”

“कशी? माझी तक्रार नाही पुढे न्यायची. ओळ परत येणार नाही, ते कळलंय मला. घरी एक माणूस बसलाय, त्याला वाटतंय बिघाड त्याच्यातच आहे. त्याला सांगायला मला एक खरं वाक्य हवं.”

प्रमुखांनी दाराकडे पाहिले. दार लावलेले होते. मग खालच्या, कसलाही सूर नसलेल्या आवाजात बोलले. बाईंनी कागद मागून घेतला, त्यांना तेच पुन्हा सावकाश सांगायला लावले, स्वल्पविरामासकट उतरून घेतले, आणि वाचून दाखवून विचारले, “बरोबर?” ते म्हणाले, “बरोबर.”

“कॉम्प्युटरच्या पडद्यावर गाण्याच्या आवाजाची रेघ जाड दिसते, बोलण्याची बारीक दिसते. जिथं बारीक दिसली तिथं मी कापली. प्रत्येक फीत ऐकत बसलो असतो तर काम मुदतीत झालं नसतं. ही फीत मी कापायच्या आधी ऐकली नाही, कापल्यावरही ऐकली नाही.”