गाढवाचा दगड

थू! त्या दगडाचं नाव काढलं तरी थुंकायची मी. आमच्या लिंगायतांच्या रुद्रभूमीच्या, म्हंजी मसणवट्याच्या, तोंडाशीच उभा होता मेला. वर चंद्र-सूर्य, मधी जुन्या कानडी अक्षराच्या ओळी, आन् खाली गाढव आन् बाई. ते दोघं काय करायलते ते मी सांगणार न्हाई. सासरी आल्यापासून मी तिथून पदर आडवा धरूनच जायची.

आमच्यात मेलेल्याला जाळत न्हाईत, बसवून माती देतात. बहात्तरच्या दुष्काळात आमचे मालक गुरुबसप्पा गेले, त्यांना तिथंच बसवलं. मी माती द्यायला निघाले तर समोर ते गाढव! महिन्यानं मी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेले. मुकादमाला दगड कमी पडायलते. मीच म्हणलं, "त्यो घाणेरडा आणा की!" गाढवाचा खालचा अर्धा माझ्याच हातोड्यानं फोडला, बारीक बारीक. शेजारी खडी फोडत बसलेली माझी जोडीदारीण पंचफुला खिदळायलती. अक्षराचा अर्धा सपाट होता, त्यो धुणं धुवायला घरी आणला.

दहा वर्सं गेली. लातूर जिल्हा झाला आन् पुढाऱ्यांना जागेची खा-खा सुटली. पंचफुलाचा लक्ष्मण आता सरपंच लक्ष्मणराव. म्हणला, "रुद्राणीकाकू, रुद्रभूमीवर गोदाम व्हायलंय. पडीक जागा हाय ती." पडीक! माझा नवरा बसलाय रे तिथं, मुडद्या!

मोजणीचा साहेब आला. चांगला होता बिचारा. म्हणला, "आजी, तुमच्याकडे जागेचा कागद नाही. पण जुन्या काळी दान दिलेल्या जमिनीत गाढवाचा दगड रोवायचे. जो ही जमीन बळकावील त्याच्या आईचे त्या दगडावरच्या बाईसारखे हाल होवोत, असा शाप असतो त्यावर. तसा दगड असला तर दाखवा, मी काम थांबवतो."

मी तशीच उठले. साहेबाला परसात नेलं, धुण्याच्या दगडावर पाणी ओतलं. दहा वर्सं सोडा लावून, लुगडी आपटून आपटून सगळं गुळगुळीत. औषधाला एक अक्षर न्हाई. आन् गाढव तर रस्त्याच्या खडीत. शिवी घाण वाटली म्हणून फोडली, आन् खरी घाण कडक इस्तरीच्या कपड्यात गावभर हिंडायलती! स्वतःची एवढी किळस मला जन्मात आली न्हवती. साहेब उठला आन् जीपमधी जाऊन बसला.

पायाभरणीला सगळं गाव जमलं. मांडव, हार, नारळ. बरोब्बर मालकांच्या डोक्यावर काळी कोनशिला उभी केलती. मी चुन्याचं गाडगं घेऊन गेले आन् सरपंचाच्या नावाखाली बोटानं गाढव काढलं. मग बाई काढली. पदर आडवा न धरता, सगळं जसंच्या तसं काढलं. बाया "अगं बाई!" करून ओरडल्या. गड्यांनी कुदळी खाली टाकल्या.

लक्ष्मणराव नारळ घेऊनच धावत आला. "काकू, लाज हाय का? कोण ही बाई?"

पंचफुला गर्दीतून पुढं आलती. तिच्या तोंडाकडं बघत मी गाडग्यात बोट बुडवलं. "तोंड काढायचं राहिलंय, लक्ष्मण्या. काढू?"

पंचफुलानं ते गाढव ओळखलं. माझ्याकडं बघितलं, शिलेकडं बघितलं, आन् लेकाच्या हातातला नारळ काढून घेतला.