माहिती गोळा करण्यात येत आहे

मोहनरावांच्या घरात शाली ठेवायला जागा उरली नव्हती, आणि ही गोष्ट सुरू होते ती तिथूनच.

खासदार माणूस. जाईल तिथं खांद्यावर शाल पडायची. ट्रंका भरल्या, फळ्या भरल्या, तरी त्या दिवशी आणखी एक आली, आणि ती खुद्द गावानं दिलेली होती. दुष्काळाचं ते लागोपाठ दुसरं वर्ष. विहिरींनी तळ दाखवला होता, टँकर आला की भांड्याला भांडं लागायचं, आणि दसरा होतो न होतो तोच ऊसतोडीच्या टोळ्या न्यायला ट्रका गावात येऊन उभ्या होत्या. अशातही गावानं मंडप घातला, हलगी लावली आणि आपल्या खासदाराला फेटा बांधला, कारण त्यांचं नाव रेडिओवर आलं होतं.

ते आलं एका प्रश्नामुळं. आखाती देशांत कामाला गेलेल्या आपल्या मजुरांचा पासपोर्ट तिथले काही मालक काढून घेतात आणि कुलपात ठेवतात, माणूस पळू नये म्हणून. मोहनरावांनी लोकसभेत विचारलं, "माणसाचा कागद कुलपात घालायचा अधिकार या मालकांना कुणी दिला? सरकारला याची माहिती आहे काय?" परराष्ट्रमंत्री म्हणाले, "माहिती गोळा करण्यात येत आहे." तेव्हा मोहनराव पुन्हा उठले आणि म्हणाले, "महोदय, अडकलेल्या माणसाचं पोट असल्या उत्तरानं भरत नाही." बाकं वाजली. मागच्या बाकावरच्या माणसासाठी बाकं वाजणं म्हणजे काय असतं, ते मागं बसणाऱ्यालाच ठाऊक!

आता त्यांनी परदेशच का धरला, तेही ऐका. निवडून आल्या आल्या मोहनरावांनी ऊसतोड मजुरांविषयी एक प्रश्न दिला होता. जिल्ह्याच्या पुढाऱ्यांनी बोलावून घेतलं, चहा पाजला आणि गोड आवाजात विचारलं, "मोहनराव, घरची धुणी दिल्लीत कावून धुता? तिकीट काय आभाळातून पडतं का?" प्रश्न मागं घेतला गेला. त्यानंतर मोहनराव विचारत ते शेजारच्या देशानं धरलेल्या कोळ्यांचं, वकिलातींच्या खर्चाचं, कुठल्याशा बेटावरच्या बंडाचं. त्यानं जिल्ह्यात कुणाचं पोट दुखत नसे आणि माणूस अभ्यासू दिसे. सोय म्हणतात ती हीच, मंडळी.

तर सत्कारानंतर शाल कुठं ठेवावी म्हणून मोहनरावांनी बायकोकडून, मुक्ताबाईंकडून, किल्ली मागून घेतली आणि बैठकीतलं लोखंडी कपाट उघडलं. कपाट धाकट्या भावाचं, राधाकिशनचं. राधाकिशन सोसायटीचा चेअरमन, आणि ऊसतोडीच्या टोळ्यांचा मुकादमही तोच. वरच्या फळीवर सुतळीनं बांधलेला रेशनकार्डांचा गठ्ठा होता. आगाऊ पैशांची उचल घेतलेलं कुटुंब दुसऱ्या मुकादमाकडं जाऊ नये म्हणून राधाकिशन त्यांची कार्डं ठेवून घेई. मोहनरावांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण भिंतीवरचा जुना डाग जसा रोज समोर असून दिसत नाही, तसं त्यांचं झालं होतं. त्यांनी गठ्ठा जरा सरकवला आणि शाल त्याच्या शेजारी ठेवली.

तेवढ्यात दारात ऊसतोडीला निघालेली चंद्रभागाबाई येऊन उभी राहिली. तिच्या टोळीची ट्रक चौकात भरत होती.

"साहेब, तुमचं बोलणं रेडिओवर आयकलं," ती म्हणाली. "आमी समद्या बाया पंचायतीपाशी बसलो हुतो. कुठल्या मुलखात अडकलेली ती मानसं, पर तुमाला त्यांची कीव आली. लई बरं वाटलं. म्हनून म्हनलं, आता आपलंबी सांगावं."

"सांगा की, चंद्रभागाबाई."

"आमी तोडीला चाललो. सासूबाई मागं ऱ्हानार, त्यांना दिसत न्हाई, ट्रकीत चढवत न्हाई. आमचं कार्ड राधाकिशनभाऊकडं हाय. कार्डाबिगर कंट्रोलवाला ज्वारी देत न्हाई. गेल्या साली आमी येईस्तोवर म्हातारीनं दारोदार मागून खाल्लं. औंदा तर कुनाच्याच घरात दाना न्हाई, देनार कोन? तेवढं कार्ड मागं ठिवा. आमी कुठं पळून जात न्हाई."

कपाटाचं दार अजून उघडं होतं. मोहनरावांनी ते पाठीनं हळूच लोटलं. "बरं," ते म्हणाले, "मी माहिती घेतो. घेऊन सांगतो."

शब्द तोंडातून गेले आणि त्यांचे कान तापले. हे उत्तर त्यांनी कुठं ऐकलं होतं ते त्यांना आठवलं. त्यावर आपण काय ठणकावलं होतं, तेही आठवलं. चंद्रभागाबाईला त्यातलं काही कळलं नसावं. तिनं मान डोलावली, आणि ती विश्वासानं डोलावली, याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

आतल्या दारात मुक्ताबाई उभ्या होत्या. "चंद्रभागा, आत ये, च्या ठिवलाय," त्या म्हणाल्या. ती आत गेल्यावर त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. "कसली माहिती घेता? पाठीला कपाट लागलंय तुमच्या."

"राधाकिशनला विचारावं लागंल."

"इथं भावाला इचारावं लागतं. परदेशाचं इचारायला कुनाला इचारावं लागत न्हाई. तिथं आपला भाऊ मुकादम न्हाई ना!"

"मग काय परदेशातल्या मजुराचं विचारू नये म्हणतीस?"

"कावून न्हाई? जरूर इचारा. त्यांच्याबी आया वाट बघत असतील. पर तो मालक पासपोर्ट कुलपात ठिवतो अन् आपन रेशनकार्ड ठिवतो, ह्यात फरक काय, तेवढं मला समजावून सांगा. किल्ली माझ्या कमरेला हाय, म्हंजी मीबी त्यातच आले. आपलं ठिवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, ह्याची शाल घेतलीत तुमी आज."

दिल्लीत एवढं बोलणारा माणूस स्वतःच्या बैठकीत मान खाली घालून उभा होता. चुलीपाशी बसलेली ती बाई हे सगळं ऐकत असेल, या विचारानं त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी कपाट उघडलं आणि गठ्ठा काखेत घेतला.

राधाकिशन अंगणातच भेटला. गठ्ठा बघून त्याचा चेहरा उतरला. "दादा, हे करू नका. कार्डं गेली की टोळ्या फुटतेल. कारखान्यावाले लगेच पुढाऱ्याच्या कानावर घालतेल. तुमच्या तिकिटाचं काय?"

मोहनराव थबकले. खोटं कशाला बोला, त्यांना भीती वाटली. तिकीट जाणार हे त्यांना भावापेक्षा चांगलं कळत होतं. मग त्यांना चंद्रभागाबाईची ती डोललेली मान आठवली. "जाऊ दे गेलं तर," ते म्हणाले. "मागं सरक."

चौकात ट्रकांवर भांडीकुंडी, गोधड्या, शेळ्या चढत होत्या. मोहनराव सत्काराच्याच ओट्यावर चढले. या वेळी हलगी नव्हती. "ही तुमची कार्डं," ते म्हणाले. "माझ्या घरात कुलपात होती. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. चुकलो मी. दूर देशातल्या मालकाला मी जाब विचारला, आणि स्वतःच्या कपाटापुढं मुका झालो."

कुणी टाळी वाजवली नाही. माणसं आपापलं कार्ड घेत, उलटसुलट बघत आणि बाजूला होत. काहींनी नजर टाळली, जणू लाज त्यांचीच होती. चंद्रभागाबाईची सासू भिवराबाई हात पुढं करून चाचपडत आली. कार्ड तिनं बोटांनी ओळखलं, कमरेला खोचलं आणि विचारलं, "बाबा, कंट्रोल आज उघडं हाय का?"

टोळ्या फुटल्या नाहीत. सगळी कुटुंबं ट्रकीत चढली आणि ठरल्या कारखान्यावर गेली. राधाकिशन मात्र बरेच दिवस भावाशी बोलला नाही.

हिवाळी अधिवेशनात मोहनरावांनी पुन्हा प्रश्न दिला. आखातातल्या मजुरांचा पाठपुरावा तर केलाच, शिवाय दुसरा प्रश्न रेशनचा होता. ऊसतोड मजुरांची कार्डं मुकादम अडकवून ठेवतात, सरकारला याची माहिती आहे काय? मंत्री उठले आणि कागद वाचून म्हणाले, "माहिती गोळा करण्यात येत आहे."

मोहनराव मागच्या बाकावरून उभे राहिले. "महोदय, गोळा करू नका. माहिती माझ्याकडं आहे. ती माझ्या घरातल्या कपाटात होती."

या वेळी बाकं वाजली नाहीत. पुढच्या निवडणुकीत तिकीटही दुसऱ्याला गेलं.

जगातल्या कुठल्याही अन्यायाविरुद्ध जरूर बोला, बंधुभगिनींनो, तो आपला धर्मच आहे. पण बोलायला उभं राहण्याआधी आपल्या घरातलं कपाट एकदा उघडून बघा. तिथं कुणाची भाकरी कुलपात असेल, तर आधी ती ज्याची त्याला देऊन या.