ढवऱ्याचं आवतन

बैलावर जळणारी बाई कधी पाहिली आहे का? नसेल पाहिली, तर पोंभुर्ण्याकडच्या रुखमाला बघायला हवं होतं. सवत असती तर निदान तिच्या झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. बैलाचं काय उपटणार?

झालं असं, की रुखमाचा नवरा श्रीहरी मागच्या वर्षी उन्हाळ्यात आंब्याच्या झाडावरून पडला. लोणच्यासाठी कैऱ्या तोडत होता. "वरच्या फांदीच्या तोडा जी, त्या चांगल्या भरल्या हायत," हे रुखमाच म्हणाली होती. पडला तो पाठीवर, आणि पाय हलेनात. शेतापर्यंत मोटार येत नव्हती. दीर इतवारीनं त्याला उचलून बैलगाडीतल्या भाताच्या तणसावर टाकलं आणि रुखमानं गाडी हाकली. घाईघाईत तिनं ती जवळच्या वाटेनं, नाल्यातून घातली. गाडी अशी आपटली, की श्रीहरी ओरडला आणि मग गप्पच झाला. नागपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, असं न्यायचं नसतं, फळीवर सरळ बांधून न्यायचं असतं. मणक्याची जी इजा झाली ती झाडाखाली झाली की नाल्यात, हे त्यांनी सांगितलं नाही. रुखमाची विचारायची छाती झाली नाही. कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच.

तेव्हापासून रुखमाचा दिवस दोन-दोन तासांचा झाला. दोन तास झाले की त्याची कूस बदलायची, नाही तर पाठीला जखमा होतात. सकाळी त्याच्या काखेत खांदा घालून खाटेवरून चाकाच्या खुर्चीत, दुपारी खुर्चीतून खाटेवर. लघवीची नळी, पिशवी, पायांची मालीश. तिचा डावा खांदा असा धरला होता, की वेणी घालायची तर दिव्याला हाक मारावी लागे. दिव्या त्यांची बारावीतली लेक. रुखमानं हे सारं कुरकुर न करता केलं, असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोला? कुरकुर करत केलं, पण केलं.

आणि श्रीहरी तिच्याशी बोलेल तर शपथ. "पाणी दे." "कूस बदल." "झालं." एवढ्यात त्यांचा संसार आटोपत होता.

बैलाशी मात्र तोंडाला कुलूप नव्हतं. इतवारीनं अंगणातून गोठ्यापर्यंत मातीचा उतार करून दिला आणि रोज दिवेलागणीला श्रीहरी स्वतः चाकं फिरवत ढवऱ्यापाशी जाऊन बसू लागला. जोडीतला दुसरा बैल त्याच पावसाळ्यात साप चावून मेला होता. हा एकटाच उरलेला. त्याच्या गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवत श्रीहरी तास-तास पुटपुटत बसे. रुखमा चुलीपाशी बसून कान टवकारी, पण भाकरीच्या थापण्यात शब्द कळत नसत. मग भाकऱ्या करपत.

"आई, तू बैलावर जळून राह्यली काय?" दिव्या हसून म्हणाली.

"जळन नाई तं काय करन? त्या जनावराले सारं सांगतेत, मले काई नाई."

एके दिवशी तिच्यानं राहवेना. शेण काढायचं निमित्त करून ती कुडाच्या भिंतीमागं जाऊन उभी राहिली. श्रीहरी म्हणत होता, "तुह्या काई दोष नाई रे. नालाच आडवा आला, तू काय करशीन? तू तं मले वाचवाले पळत होता."

रुखमाच्या अंगाची लाही लाही झाली. नाल्यातून गाडी तिनं घातली, पण बैलानंही तीच गाडी ओढली ना? मग त्याला माफी आणि तिला अबोल्याची शिक्षा, हा कुठला न्याय? ती शेणाची पाटी तिथंच टाकून घरात आली. दुसऱ्या दिवशी तिनं गोंडपिपरीच्या एका माणसाला फोन करून सांगितलं, की पोळा झाला की या, बैल विकायचा हाय. एकट्या बैलानं नांगर चालत नाही, हे कारण तिनं तयार ठेवलं होतं. खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं. ढवऱ्या गोठ्यातून गेला, की श्रीहरीला बोलायला दुसरं कोण उरतं, ते तिला बघायचं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून खांदा दुखलेला असतो, म्हणून कोमट तुपात हळद कालवून पळसाच्या पानानं ती खांद्यावर चोळायची, आणि बैलाला जेवणाचं आवतन द्यायचं. मागच्या पोळ्याला श्रीहरी खाटेवरून उठत नव्हता, तेव्हा इतवारीनं शेकलं. या वर्षी श्रीहरी म्हणाला, मीच शेकन. रुखमानं तुपाची वाटी त्याच्या हातात आपटलीच म्हणा ना.

इतवारीनं बैलाची मान खाली धरली. श्रीहरीनं खुर्चीतून हात वर करून खांदा शेकला, आवतन दिलं. इतवारी बैलाला पाणी दाखवायला घेऊन गेला. रुखमा वाटी उचलायला आली, तर श्रीहरीनं वाटी सोडली नाही.

"बस इथी," तो म्हणाला.

"काऊन? कामं पडली हायत."

"बस म्हणतो नं."

ती खुर्चीपुढं जमिनीवर बसली, पाठ करून. त्यानं तिचा पदर बाजूला केला आणि कोमट पळसाचं पान डाव्या खांद्यावर ठेवलं. ती दचकली.

"मी का बैल हाव जी?"

"जू तं तूच वाहून राह्यली." त्यानं पान पुन्हा तुपात बुडवलं. "तुह्या काई दोष नाई, रुखमा. ना आंब्याचा, ना नाल्याचा. वर्ष झालं, हे तुले सांगाची हिंमत नाई झाली. तुह्या तोंडाकडं पाह्यलं का शब्दच निघत नाई. म्हणून ढवऱ्यापाशी म्हणून पाहत होतो, रोज."

 तिला रडू येत होतं आणि रागही येत होता. वर्षभर जे तिच्या कानात पडायला हवं होतं, ते त्या ढवऱ्यानं फुकट ऐकून घेतलं होतं. खांदा मात्र हलका होत होता, हेही खोटं नाही.

पान खांद्यावर फिरत राहिलं. मग श्रीहरी तिच्या कानाशी वाकला आणि बैलाला म्हणतात तेच म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"अन् सैपाक कोन करन? बैल?"

"मी पुरन वाटन. हातं साबूत हायत माहे."

तिनं डोळे पुसले आणि दिव्याला हाक मारून सांगितलं, की गोंडपिपरीच्या त्या भाऊला फोन कर, बैल विकाचा नाई म्हण. श्रीहरी चमकून तिच्याकडे बघू लागला, पण तिनं त्याला काही विचारू दिलं नाही. ती उठली, वाटी घेतली आणि बल्बखाली नेऊन आत डोकावून पाहिलं. तूप तळाशी गेलं होतं. मग ती गोठ्यात गेली, नुकत्याच पाणी पिऊन आलेल्या ढवऱ्याचा खांदा उजेडात नीट निरखला, पदराखाली हात घालून आपला चाचपला, आणि तूप आपल्यालाच जास्त लागलंय याची खात्री झाल्यावर तिनं त्याच्यापुढं चारा टाकला.