टेलरमास्तरांच्या कोपऱ्यावरचा आरसा

मित्रांनो, मी एक जुना गोल आरसा आहे. केस विंचरायला घेतात तसला नव्हे. आंधळ्या वळणावर खांबाला बसवतात ना, तो फुगीर पोटाचा. सध्या नगरपालिकेच्या गोदामात डांबराच्या रिकाम्या पिंपांमागे पडून असतो.

कारखान्यात प्लास्टिकची तापलेली चकती साच्यावर दाबून मला घडवलं, पाठीवर चकाकी चढवली आणि कडेला नारिंगी पट्टी बसवली. मग या गावात टेलरमास्तरांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर मला उभं केलं. बाजारातला रस्ता तिथे एकदम काटकोनात वळायचा. पलीकडून काय येतंय ते कुणालाच दिसत नसे, ते मी दाखवू लागलो. रिक्षावाले मान वर करून आधी माझ्याकडे बघत. मास्तरांची बायको तर रोज माझी धूळ पुसायची.

"अहो, स्टूल धरा जरा."

"नगरपालिकेचा आरसा तो. तुला काय पडलंय?" असं म्हणत मास्तर स्टूल धरायचे.

पुढे गाड्या वाढल्या, रस्ता मात्र तेवढाच राहिला. एक ट्रक अडकला की सगळा बाजार ठप्प. वळणाच्या दोन्ही बाजूंना नुसत्या गाड्याच, मग माझ्याकडे बघणार कोण? कुणीतरी माझ्या अर्ध्या तोंडावर क्लासची जाहिरात चिकटवून गेलं.

एका दुपारी मास्तरांच्या बायकोला दम लागला. ती दोघं दुकानाच्या वरच्या खोलीतच राहायची. मास्तरांनी शेजाऱ्यांच्या मदतीने तिला खुर्चीसकट खाली आणलं. अँब्युलन्सचा आवाज येत होता, पण कोपऱ्यात सिमेंटचा ट्रक आडवा अडकला होता. त्यामागे उभी असलेली अँब्युलन्स मला दिसत होती. ती जागची हलत नव्हती.

"आली गं, आलीच," मास्तर सारखं म्हणत होते.

शेवटी चौघांनी खुर्ची उचलली आणि गाड्यांमधून वाट काढली. ट्रकच्या पलीकडे पोचेपर्यंत तिची मान कलली होती. तेव्हा मला काय वाटलं, असं तुम्ही विचाराल. काही नाही. मी दाखवत राहिलो.

त्यानंतर नगरपालिकेने रस्त्याचा आराखडा करायला घेतला. इंजिनिअरबाईंनी मास्तरांच्या कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरला.

"काका, ट्रक शाळेच्या गल्लीतून वळवले तर तुमचं दुकान वाचेल. पण ते शाळेच्या फाटकावरून जातील. नाहीतर मग हा कोपराच पाडावा लागेल."

मास्तर काजं करत होते. त्यांनी वर पाहिलं नाही. "मुलं तिथेच रस्ता ओलांडतात?"

"हो."

"मग हेच पाडा."

"घाई नाही, काका. विचार करून सांगा."

"केला विचार."

मास्तरांचा धाकटा भाऊ दारातच उभा होता. "दादा, डोकं फिरलंय का तुझं? वहिनीचं घर आहे हे!"

"ती आता कुठे इथे आहे?" मास्तर म्हणाले. शर्टाचं माप सांगावं, तसा त्यांचा आवाज होता. त्यांनी पुढचं काज घ्यायला सुरुवात केली.

पावसाळ्याआधी दुकान पाडलं. मास्तर मशीन घेऊन भावाकडे राहायला गेले. नवा रस्ता सुरू झाला, त्या दिवशी ते कडेला येऊन उभे राहिले. गाड्या भराभर जात होत्या.

बाईंनी विचारलं, "कसा झालाय, काका?"

"रुंद झालाय," मास्तर म्हणाले. एक ट्रक न थांबता पुढे गेला, तेव्हा म्हणाले, "चांगला झालाय." आणि भावाच्या घराकडे चालू लागले.

वळणच उरलं नाही म्हणून संध्याकाळी मलाही उतरवलं. त्याचं मला दुःख नाही. रस्ता सरळ असला की आरसा लागत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या गावातही असं एखादं वळण असेल. घरच्या मोठ्यांना सांगा, तिथे गाडी आडवी लावू नका म्हणावं. आणि उद्या तुमच्यातलं कुणी रस्ते आखायला बसलं, तर नकाशा वेळेवर उघडा. आमच्या गावात तो उघडला, तेव्हा मास्तर त्या टेबलाशी एकटेच उरले होते.